गाठ पाण्याची की मांसाची?

२१ जुलै १९५५ या दिवशी स्कॉटलंडमधल्या रेनफ्रू गावी, बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीच्या बॉयलरच्या कारखान्यात, दोन मोटारी येऊन थांबल्या. मोटारींच्या डिकीत ताज्या गाठी होत्या. शस्त्रक्रियेत बायकांच्या पोटातून नुकत्याच काढलेल्या. काही गर्भाशयातले घट्ट फायब्रॉइड, काही अंडाशयातल्या पाण्याने भरलेल्या गाठी. त्या आणणारे गृहस्थ होते ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड. कारखान्यातल्या एका संचालकाच्या पत्नीवर त्यांनी उपचार केले होते, त्या ओळखीतून ही भेट ठरली होती.

बॉयलरच्या जाड पोलादात आत कुठे भेग राहिली आहे का, हे पाहायला या कारखान्यात एक यंत्र वापरत. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, अतिशय उंच पट्टीचा ध्वनी पोलादात सोडायचा, आणि आत भेग असेल तर तिथून परतणारा प्रतिध्वनी पडद्यावर उसळीसारखा उमटतो का ते बघायचे. डोनाल्ड यांनी तेच यंत्र त्या गाठींवर लावून पाहिले. तुलनेसाठी कंपनीने गोमांसाचा एक भलामोठा तुकडाही ठेवला होता. दुपार संपेपर्यंत डोनाल्ड यांना हवे ते उत्तर मिळाले होते. पाण्याच्या गाठीत ध्वनी विनासायास आरपार जात होता, पलीकडच्या भिंतीवर आपटून ठळक उसळी घेऊन परतत होता. मधली जागा मात्र निःशब्द. फायब्रॉइडमध्ये ध्वनी वाटेतच विखुरत, क्षीण होत जाई. पलीकडच्या भिंतीची खूण जेमतेम दिसे किंवा दिसतच नसे. दोन्ही गाठी वरून हाताला सारख्याच लागल्या असत्या. ध्वनीला त्या वेगळ्या लागल्या.

आज सोनोग्राफी म्हटले की आपल्यासमोर पोटातले बाळ येते. तिचा वैद्यकातला सगळ्यात फलदायी रस्ता मात्र सुरू झाला तो बाईच्या ओटीपोटातल्या गाठीपासून. बाळ पुढे आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या क्रमात शतकानुशतकांचे एक दुखणे दडलेले आहे.

ओटीपोट हा शरीराचा फार अवघड कोपरा. हाडांच्या कड्यात मूत्राशय, गर्भाशय, अंडाशय, मलाशय दाटीवाटीने बसलेले. एखादी गाठ वाढू लागली की ती आधी या दाटीतच लपते, आणि वर पोटात आली की ती कशाची, हे सांगणे कठीण होते. अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात १८०९ साली जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंचे पोट इतके वाढले होते की गावच्या डॉक्टरांना जुळी बाळे आहेत आणि दिवस उलटून गेले आहेत असे वाटले. एफ्रिम मॅकडॉवेल या शल्यविशारदाने तपासले तेव्हा गर्भाशय रिकामे होते. पोटात होती ती अंडाशयाची गाठ. शस्त्रक्रियेसाठी जेनबाई साठ मैल घोड्यावरून डॅनव्हिलला गेल्या. भूल देण्याची विद्या अजून जन्मली नव्हती. मॅकडॉवेल यांनी पंचवीसेक मिनिटांत साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोंची गाठ काढली. बाई त्यानंतर बत्तीस वर्षे जगल्या. पण त्यांच्यासारखे नशीब किती जणींचे? कित्येकींच्या पोटात वर्षानुवर्षे सुई खुपसून पाणी काढत राहत, आणि ते पुन्हा भरत राही.

डॉक्टरांकडे तेव्हा दोन हात आणि कान एवढीच साधने. पोटावर बोटांनी टकटक करून आवाज ऐकायचा. बाई उताणी झोपली की जलोदराचे पाणी दोन्ही कुशींना उतरते, आतडी वर तरंगतात. म्हणून मधोमध पोकळ आवाज येतो आणि कुशींना बद्द. अंडाशयाची मोठी गाठ असेल तर नेमके उलट: मध्ये बद्द, कुशींना पोकळ. तर्क सुरेख आहे आणि आजही विद्यार्थ्यांना शिकवतात. पण गाठ फारच मोठी झाली, पोट तट्ट ताणले गेले, की तो फसतो. १८९५ मध्ये रॉंटगेन यांनी क्ष-किरण शोधले तरी इथे त्यांचा उपयोग थोडाच झाला. क्ष-किरणांना हाड दिसते. पाणी आणि मऊ मांस त्यांना जवळजवळ एकसारखेच. डर्मॉइड नावाच्या गाठीत कधी कधी दात वाढलेले असतात, ते तेवढे फोटोत स्पष्ट दिसत. बाकी सगळ्या गाठी करड्या सावलीत बुडून जात. मग शेवटचा उपाय उरे, पोट उघडून बघण्याचा.

डोनाल्ड यांना हे अंदाजपंचे चालणे सलत होते. १९१० मध्ये कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला हा माणूस शाळेची काही वर्षे दक्षिण आफ्रिकेत शिकला, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉक्टर झाला आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेला. जळत्या विमानातून माणसे वाचवल्याबद्दल त्याला सन्मान मिळाला. तिथेच रडार आणि पाणबुड्या शोधणारे ध्वनियंत्र यांची ओळख झाली. युद्धानंतर नवजात बाळांच्या श्वासासाठी त्यांनी यंत्रे बनवली. यंत्रांच्या या वेडापायी लंडनचे सहकारी त्यांना ‘वेडा डोनाल्ड’ म्हणत. १९५४ मध्ये ते ग्लासगोला आले. क्लाइड नदीकाठचे हे शहर तेव्हा जहाजे, बॉयलर आणि नौकानयनाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांचे. अशा शहरात अशा माणसाला जागा मिळाली, हे वैद्यकाचे भाग्यच म्हणायचे.

ध्वनीने शरीरात डोकावण्याचा विचार करणारे ते पहिले नव्हते. ऑस्ट्रियात कार्ल डुसिक यांनी १९४०च्या दशकात मेंदूवर प्रयोग केले होते. अमेरिकेत मिनिआपोलिसला जॉन वाइल्ड स्तनातल्या गाठी तपासत होते आणि डेन्व्हरला डग्लस हाउरी माणसाला पाण्याच्या हौदात बसवून सुंदर चित्रे काढत होते. पण कण्हणाऱ्या, पोट फुगलेल्या बाईला हौदात कशी बसवणार? हाउरींची चित्रे स्वच्छ होती, तरी त्यांच्या यंत्राची वाट आजारी माणसाच्या खाटेपर्यंत पोहोचत नव्हती.

डोनाल्ड यांचीही सुरुवात फजितीची होती. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातून त्यांना धातू तपासण्याचे एक जुने यंत्र मिळाले. ध्वनी सोडल्यावर हे यंत्र काही क्षण बधिर होई, त्यामुळे पहिल्या आठ सेंटीमीटरमधले काही दिसतच नसे. म्हणून बाईच्या पोटावर रबरी तळाची पाण्याची बादली ठेवायची, तिच्यातून ध्वनी सोडायचा आणि ते आठ सेंटीमीटर पाण्यातच खर्ची घालायचे, अशी युक्ती काढली. पाणी गळायचे, बिछाना भिजायचा. ज्या बायकांनी हे सगळे सोसले, त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. या इतिहासात त्यांचा वाटा प्राध्यापकांइतकाच आहे.

मग टॉम ब्राउन आले. वय अवघे तेवीस. केल्विन अँड ह्यूज या ग्लासगोतल्या कंपनीत ते इंजिनिअर होते, आणि ही कंपनी धातूतल्या भेगा शोधणारी तीच यंत्रे बनवत असे. रुग्णालयात दिव्याचे काम करून आलेल्या एका सहकाऱ्याकडून ब्राउन यांना कळले की तिथला कुणी प्राध्यापक हे यंत्र माणसांवर वापरतो आहे. त्यांनी टेलिफोनच्या पुस्तकात डोनाल्ड यांचा नंबर शोधला आणि सरळ फोन लावला. प्रत्यक्ष यंत्र पाहिल्यावर ते या कामाला किती अपुरे आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. कंपनीतल्या वरिष्ठांना गळ घालून त्यांनी नव्या बनावटीचे यंत्र मिळवले. पुढे कंपनीने ब्राउन यांचा वेळ आणि थोडे पैसेही या कामाला दिले. तिसरे होते जॉन मॅकव्हिकर, डोनाल्ड यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर. रोजचे तपासणीचे कष्ट बहुतांशी त्यांचे.

याच दिवसांत शल्यविभागाचे प्राध्यापक चार्ल्स इलिंगवर्थ यांनी डोनाल्ड यांना आपली एक रुग्ण दाखवली. पोट प्रचंड फुगलेले, उलट्या होत होत्या, वजन उतरत चालले होते. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण फोटोत जठराचा कॅन्सर वाटत होता, आणि पोटातले पाणी म्हणजे त्या कॅन्सरचा जलोदर, असे निदान झालेले. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे ठरून गेले होते. डोनाल्ड यांनी तिच्या पोटावर ध्वनियंत्र लावले. खरा जलोदर असता तर पाण्यात तरंगणाऱ्या आतड्यांचे प्रतिध्वनी गर्दी करून उमटले असते. तसे काहीच दिसेना. समोरची भिंत, मग दीर्घ शांतता, आणि थेट खोलवरून एक ठळक उसळी. ही एकच, अखंड, पाण्याने भरलेली पिशवी होती. शस्त्रक्रिया झाली. अंडाशयाची भलीमोठी, बुळबुळीत द्रवाने भरलेली साधी गाठ निघाली. कॅन्सर नव्हताच. बाई बरी झाली.

इथे थोडे थांबून त्या शांततेचा हिशेब करायला हवा. शरीरातल्या मऊ भागांत ध्वनी सेकंदाला साधारण १,५४० मीटर धावतो. पंधरा सेंटीमीटरची गाठ ओलांडून परत यायला त्याला सेकंदाचा पाच हजारावा हिस्सा पुरतो. एवढ्याशा अंतरात काहीच ऐकू न येणे हा पुरावा ठरला, आणि त्या पुराव्याने मरणाच्या यादीतले एक नाव खोडले. त्या बाईनंतर ग्लासगोत या खटाटोपाला कुणी हसले नाही. डोनाल्ड यांना रुग्ण मिळू लागल्या, आणि ज्या डॉक्टरांनी पाठ फिरवली होती तेच आपल्या रुग्ण पाठवू लागले.

ब्राउन यांना मात्र उसळ्यांवर समाधान नव्हते. त्यांना चित्र हवे होते. १९५७ पर्यंत त्यांनी एक यंत्र उभे केले. रुग्णाच्या खाटेवर आडवे सरकवायचे जेवणाचे टेबल असते, त्याच्या सांगाड्यावर ते बसवले होते. शोधक हाताने धरून पोटावर फिरवायचा, तो कुठे आहे आणि कुठल्या कोनात आहे हे यंत्र सतत मोजणार, आणि प्रत्येक प्रतिध्वनी पडद्यावर त्याच्या खऱ्या जागी ठिपका म्हणून उमटणार. हौद गेला, बादलीही गेली. त्वचेवर ऑलिव्ह तेल चोळले की काम भागे. सोनोग्राफीच्या खोलीत आज पोटावर गार जेल लावतात, त्याचा हा पूर्वज. हवेची पातळ फट राहिली तरी ध्वनी मागे फिरतो, म्हणून ते लावावे लागते.

७ जून १९५८ च्या ‘द लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख आला. विषय होता ध्वनिस्पंदांनी पोटातल्या गाठींचा शोध. शंभर रुग्णांचा अनुभव त्यात होता, अंडाशयाच्या गाठी, फायब्रॉइड, जलोदर, आणि त्यांच्याबरोबर गर्भाशयातल्या बाळाच्या डोक्याचीही चित्रे होती. इतके मोठे काम हाती असूनही लेखाची भाषा विलक्षण संयमी होती. या चित्रांच्या भरवशावर रुग्णाचे निर्णय बदलावेत असे आपण अजून म्हणत नाही, असे लेखकांनी स्वच्छ लिहिले. नव्या यंत्रांच्या जाहिरातींच्या आजच्या काळात तो लेख प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वाचावा असे मला मनापासून वाटते.

शंका घेणाऱ्यांचा एक आक्षेप बरोबर होता: शोधक हातात आहे, तेव्हा फिरवणारा आपल्याला हवे ते चित्र काढू शकतो. ब्राउन यांनी हा आक्षेप मनावर घेतला आणि शोधक स्वतःच फिरवणारे स्वयंचलित यंत्र बनवले. पुढे ‘डायसोनोग्राफ’ नावाने यंत्र बाजारात आले. त्याला देखणे आणि वापरायला सोपे रूप देण्यात ड्यूगल्ड कॅमरन या ग्लासगोच्या तरुण डिझायनरचा हात होता. पण धंद्याच्या हिशेबात हे काम टिकले नाही. मूळ कंपनी ज्या स्मिथ्स उद्योगसमूहात सामील झाली होती, त्याने यातून अंग काढून घेतले, आणि यंत्र एडिनबरोच्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. डोनाल्ड यांना मानसन्मान मिळाले, ब्राउन यांचे नाव मात्र फार काळ तळटीपेत राहिले. २०१९ मध्ये ते वारले. ग्लासगोत प्रतिध्वनी पडद्यावर चित्र होऊन उतरला तो या माणसामुळे, हे ठळकपणे सांगायलाच हवे.

ओटीपोटाच्या दृष्टीने खरी कलाटणी १९६३ मध्ये मिळाली. ओटीपोटावर आतड्यांची वेटोळी पडलेली असतात आणि त्यांच्यात वायू असतो. वायूतून ध्वनी पुढे जात नाही. मूत्राशय तुडुंब भरलेली एक रुग्ण तपासताना डोनाल्ड यांच्या लक्षात आले की भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि गर्भाशय-अंडाशयाकडे पाण्याची स्वच्छ खिडकी उघडते. तेव्हापासून जगभर बायका पाण्याच्या बाटल्या रिचवून, लघवी रोखून सोनोग्राफीच्या रांगेत बसू लागल्या. आपल्याकडच्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ‘पाणी पिऊन बसा’ हे वाक्य रोज ऐकू येते, ते ग्लासगोतल्या त्या निरीक्षणातून आलेले आहे. पुढे योनीमार्गातून आत सरकवायचा बारीक शोधक आला, तेव्हा मात्र मूत्राशय रिकामे करून या असे सांगू लागले. तो अंडाशयाच्या अगदी शेजारी जातो, त्यामुळे गाठीतले पडदे, तिच्या भिंतीवरचे कोंब, आतल्या जुन्या रक्ताची दुधी काचेसारखी छटा, सगळे दिसू लागले.

तरी काही गाठी सोनोग्राफीलाही चकवतात. गर्भावस्थेत आपल्या सगळ्यांना एक इवलेसे शेपूट असते. पहिल्या काही आठवड्यांत ते विरघळते. त्यातला आतड्याचा तुकडा विरघळायचा राहून गेला तर पुढे मोठेपणी मलाशयाच्या मागे, माकडहाडासमोर एक गाठ वाढते. बहुतेक वेळा बायकांत. अशा रुग्णावर भगंदर किंवा गळू समजून पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया होतात आणि मूळ गाठ तशीच राहते. दुसरी त्याहून धोक्याची: त्रिकास्थीतल्या फटीतून मज्जारज्जूचे आवरण ओटीपोटात उतरते आणि साध्या पाण्याच्या गाठीचे सोंग घेते. तिच्यात नुसती सुई घातली तरी मेंदूज्वर होऊ शकतो. पोटाच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर चिकटलेल्या पडद्यांत अंडाशयाचाच द्रव साठून राहतो, आणि तो अंडाशयाची गाठ समजून चांगले अंडाशय काढून टाकले जाते. कुत्र्या-मेंढ्यांच्या साखळीतून येणारी हायडॅटिडची गाठ ओटीपोटात क्वचितच होते, पण ती फुटली तर जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. या सगळ्यांत सुई किंवा सुरी लावण्याआधी चित्र हवे, आणि ते एमआरआयचे हवे. स्कॉटलंडमध्येच, ॲबर्डीनला, जॉन मॅलार्ड यांच्या चमूने ऑगस्ट १९८० मध्ये एमआरआयने रुग्णाच्या शरीराचे पहिले उपयोगी चित्र काढले. पाणी, चरबी, रक्त आणि मांस यांना एमआरआय वेगवेगळ्या छटांत दाखवते, आणि गाठ नेमकी कुठल्या पोकळीतून उगवली आहे हे तिन्ही बाजूंनी सांगते. डोनाल्ड यांचा मूळ प्रश्न तोच राहिला, उत्तर अधिक बारीक झाले.

डोनाल्ड १९८७ मध्ये गेले. हृदयाच्या झडपांच्या शस्त्रक्रिया त्यांनी पुन्हा पुन्हा सोसल्या होत्या.

आपल्याकडे याच यंत्राची एक काळी कहाणी झाली. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो हवाच होता. मुली वाचवण्यासाठी तो काटेकोर पाळला गेलाच पाहिजे. पण त्या काळ्या कहाणीने एक नुकसान नकळत केले. ‘सोनोग्राफी’ हा शब्द घराघरांत फक्त गरोदर बाईशी जोडला गेला. पन्नाशी उलटलेल्या आईला, आत्याला, मावशीला ‘तुला कशाला सोनोग्राफी?’ असे विचारणारी घरे अजून आहेत. पाळी जाऊन वर्षे झाली, पोट सुटल्यासारखे वाढते आहे, चार घास खाल्ले की पोट भरते, लघवीला सारखे जावे लागते, याला वय, गॅस किंवा बसून राहणे असे नाव देऊन महिने काढले जातात. ग्लासगोतल्या रुग्णालयात ज्या बाईचे जठराचा कॅन्सर म्हणून भवितव्य ठरवून टाकले होते, तिची लक्षणे याहून फार वेगळी नव्हती.

तेव्हा वाचकहो, घरातल्या कुठल्याही बाईला ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकून असतील, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्या. अहवालात गाठ आली तर ती पाण्याची आहे की घट्ट, आत पडदे किंवा कोंब आहेत का, अंडाशयाची आहे की बाहेरची, हे डॉक्टरांना नेमके विचारा. जागा संशयास्पद वाटली तर सुई लावण्याआधी एमआरआय हवा का, हेही विचारा. हे प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.